सत्तर हजारांची ब्यूक

"सत्तर हजार डॉलरला मी ही गाडी घेईन, पण सोबत गॅरेज आणि त्यावरचं घरही द्या," बड सिकोर्स्की म्हणाला आणि काचेवरची किमतीची पाटी त्याने पुन्हा एकदा वाचली.

गाडी १९६५ची ब्यूक रिव्हिएरा होती, पिकलेल्या चेरीच्या रंगाची. फ्लिंट शहरातल्या बंद पडलेल्या मॉलसमोर त्या रविवारी सकाळी, जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात, चाळीसेक गाड्या उभ्या होत्या, पण कॉफीचे पेले हातात धरून सगळे हिच्याभोवतीच घुटमळत होते. शेजारी घडीच्या खुर्चीवर लोरेटा प्रुइट बसली होती. वय सदुसष्ट. नवरा व्हर्न मार्चमध्ये गेला, गाडी त्याची, एवढं तिने सकाळी आल्या आल्या सांगितलं होतं.

बडने तीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात रंगकाम केलं होतं. उजवं दार पुन्हा रंगवलेलं आहे, हे त्याने दहा पावलांवरून ओळखलं. तेवढ्यानेच चार हजार कमी होतात, असं त्याचं म्हणणं. त्याचा मित्र ओटिस याला ते पटेना. इंजिन मूळचं आहे, पुढचे दिवे अजून झाकणांआडून आपोआप उघडतात, अशी गाडी आता मिळते कुठे, असं त्याने विचारलं. दोन दारांच्या गाडीला पुढे गिऱ्हाईक राहणार नाही, असं बड म्हणाला. तू हे १९८५पासून म्हणतोयस, असं ओटिसने सुनावलं. शेवटी दोघांचं चाळीस हजारांवर एकमत झालं. सत्तरवर मात्र कुणाचंच होईना.

"पेपरात अकरा आठवडे जाहिरात चालू आहे तुमची," बड लोरेटाला म्हणाला. "फोटोसकट. दर रविवारी, नऊ ते बारा, कुठल्या ना कुठल्या गावात गाडी बघायला या म्हणून. जाहिरातीलाच किती गेले असतील. जरा किंमत उतरवा की."

"बघू," लोरेटा म्हणाली.

ओटिसने परवानगी घेऊन दार उघडलं आणि आत डोकावला. "मालकाने जीव लावला होता हिला. आणि दोन्ही सीटा सारख्याच दबल्यात बघ. जोडीने खूप फिरलेले दिसता तुम्ही."

लोरेटाने शेजारच्या सीटकडे पाहिलं. मग तिने ओटिसला विचारलं, की ही गाडी तुम्ही इथे पाहिली असेलच ना? व्हर्न दर रविवारी इथेच तर यायचा.

ओटिस गोंधळला. बारा वर्षांत त्याने इथला एक रविवार चुकवला नव्हता. अशी गाडी आली असती तर तो विसरला नसता. "दुसरीकडे जात असतील," तो चाचरत म्हणाला. "मेळावे काय, गावोगाव असतात."

"हो," लोरेटा म्हणाली. "तसंच असेल."

साडेदहाच्या सुमारास अॅन आर्बर शहरातला एक दंतवैद्य आला. त्याने गाडीखाली वाकून पाहिलं, इंजिन चालू करून ऐकलं आणि सरळ बेचाळीस हजार देऊ केले. चेकबुक खिशातच होतं. लोरेटाने त्यालाही आधी तेच विचारलं, जे ती सकाळपासून प्रत्येकाला विचारत होती: ही गाडी पूर्वी कधी पाहिली होती का? तो नाही म्हणाला. मग तिने त्याचे आभार मानले आणि विकायला नकार दिला.

बडने कपाळाला हात लावला. ओटिस त्याला बाजूला घेऊन गेला. "राहू दे रे. नवऱ्याची आठवण आहे. सत्तर म्हणते, कारण कुणी घेऊच नये असं वाटतंय तिला. माझी बायको गेली तेव्हा तिचा कोट मी असाच विकायला काढला होता. अजून कपाटात आहे."

बड जाऊन लोरेटासाठी कॉफी घेऊन आला.

पावणेबाराला गर्दी पांगू लागली, तेव्हा मैदानाच्या टोकाला एक माणूस दिसला. साठीपलीकडचा, सडपातळ, अंगात इस्त्रीचा शर्ट. ब्यूक दिसताच तो झपाझप चालत आला. चेहरा उजळला होता. दहा पावलांवर आल्यावर त्याला पाटी दिसली आणि तो जागीच थांबला.

मग हळूहळू जवळ आला. त्याने ना इंजिन पाहिलं, ना चाकं. किंमतही विचारली नाही.

"विकायचं मालकांनी स्वतः ठरवलं?" त्याने विचारलं. आवाज कोरडा होता.

लोरेटा खुर्चीतून उठली. "ही गाडी पूर्वी कधी पाहिली होती का तुम्ही?"

"नाही," तो पटकन म्हणाला. मग मान खाली घालून म्हणाला, "त्यांना विकायची असेल तर विकू दे. निदान तसं सांगायला हवं होतं. माणूस वाट बघतो, रविवारमागून रविवार मेळावे धुंडाळतो."

बड पुढे होऊन किमतीचं काहीतरी सांगणार होता. ओटिसने त्याचा दंड धरला.

"तुम्ही लाइल ना?" लोरेटाने विचारलं.

त्या माणसाने वर पाहिलं.

लोरेटाने काचेवरची पाटी काढली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"व्हर्न मार्चमध्ये गेला, लाइल. शेवटचे तीन दिवस तो तुमचंच नाव घेत होता. पत्ता कुठेच लिहिलेला नव्हता, आणि तुम्हाला कुणीतरी कळवायला हवं होतं."