प्रमुख पाहुणी

“तिच्यावर नको रे! तिच्यावर एक थेंबसुद्धा नको!”

ओकबाईंची आरोळी ऐकून बादली घेऊन धावत आलेला सौमित्र जागीच थबकला. त्याने खुर्चीतल्या शिवानीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि बादली स्वतःच्याच डोक्यावर रिकामी केली.

डोंबिवलीच्या त्या शाळेत सहावी ‘ब’ची दहीहंडी रंगात आली होती. पोरं-पोरी चिखलाने माखली होती. शिपाई तानाजीमामा चिंब झाले होते. हेडसरांचा सफारीसुद्धा सुटला नव्हता. अख्ख्या मैदानात कोरडी एकटी शिवानी. गळ्यात झेंडूचा हार, खुर्चीला टेकवलेली कुबडी आणि वर बाईंची स्वतःची छत्री.

ओकबाई नुकत्याच ठाण्याला ‘सर्वसमावेशक वर्ग’ या विषयावरची कार्यशाळा करून आल्या होत्या. जेवणात श्रीखंड होतं. शेवटी मिळालेलं प्रमाणपत्र त्यांनी लॅमिनेट करून कपाटावर चिकटवलं होतं. प्रत्येक मूल वेगळं असतं, असं तिथे शिकवलं होतं. परत आल्याबरोबर बाईंनी शिवानीला वेगळं बसवलं. खेळाच्या तासाला ती पंच, सहलीला ड्रायव्हरशेजारी आणि हंडीला प्रमुख पाहुणी. “तळाच्या थरात नुसतं धरून उभी राहते ना बाई,” ती म्हणाली होती. “अगं वेडे, पाहुण्यांचा मान मोठा!” असं म्हणून बाईंनी तिच्या गळ्यात हार घातला होता.

त्यांनी फोटो काढून लगेच पालकांच्या ग्रुपवर टाकला. ‘आमची प्रमुख पाहुणी!’ खाली अंगठ्यांची रांग लागली. बाई सुखावल्या.

हंडी फुटली. एकच गलका झाला. बाईंनी वळून पाहिलं, तर खुर्ची रिकामी. हार खुर्चीवर, छत्री चिखलात.

शिवानी मुतारीमागच्या नळावर सापडली. एका हाताने कुबडी धरून दुसऱ्या हाताने डोक्यावर मगाने पाणी ओतत होती.

“शिवानी! अगं, हे काय? आजारी पडशील!”

शिवानी दचकली. दात वाजत होते तरी हसली.

“आईला बोललेले बाई, मी तळाच्या थरात आहे म्हणून. तिने सकाळीच दप्तरात टॉवेल भरला, सुका ड्रेस भरला. शेजारच्या काकीला पण सांगून आली. आता कोरडीच गेले तर तिला कळेल ना!”

बाई दोन पावलं पुढे आल्या.

“पाठीवर तेवढं ओता ना बाई,” शिवानीने मग पुढे केला. “माझा हात पोचत नाही.”

बाईंनी मग घेतला. तेवढ्यात त्यांना फोटो आठवला. मग तसाच हातात ठेवून त्यांनी घाईघाईने पर्समधून फोन काढला. आधी तो फोटो काढून टाकायला हवा होता.

फोनवर शिवानीच्या आईचा निरोप येऊन पडला होता. ग्रुपवर नाही, खास बाईंना.

‘बाई, फोटो बघितला. मी बघितला हे तिला सांगू नका. ती घरी भिजूनच येईल.’