चौकटीवरच्या खुणा

मी पाच वर्षांची असताना आईबाबांनी मला दत्तक घेतलं आणि पुढच्या वर्षी हे घर बांधलं. दर वाढदिवसाला आई मला स्वयंपाकघराच्या चौकटीला उभी करायची. पेन्सिल दातांत धरून दोन्ही हातांनी माझं डोकं सरळ करायची आणि मग उंचीची खूण करायची. तो वाढदिवसही संस्थेने अंदाजानेच ठरवलेला.

परवा रंगारी चौकट खरवडत होता. म्हणाला, "ताई, खाली अजून आहेत की!"

माझ्या सहाव्या वर्षाच्या खुणेखाली आणखी पाच खुणा निघाल्या. एक ते पाच वर्षांच्या. अक्षर आईचं नव्हतं. पाचही खुणांपुढे तारीख एकच होती, पण ती माझ्या वाढदिवसाची नव्हती.

"आजचीच तारीख आहे," रंगारी म्हणाला.

आई कितीतरी वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "उभी राहा बघू."

"आई, चाळिशी आली माझी!"

"आली तर आली. राहा उभी."

मी पाठ टेकली. आईने पेन्सिल दातांत धरली आणि माझं डोकं सरळ केलं.

"टाचा उचलू नकोस, बाळा," अगदी कानाशी एका बाईचा आवाज आला.

आईने दचकून माझ्याकडे पाहिलं. पेन्सिल तिच्या दातांत तशीच होती.