भराव

बंदरात मोठी जहाजं लागावीत म्हणून दोन वर्षं तळाचा गाळ उपसला गेला, आणि त्याच गाळाचा भराव टाकून वसाहतीमागे बाग झाली. गाळ उपसणाऱ्या जहाजावर तो कामाला होता, त्यामुळे त्याला त्या बागेचं कोण कौतुक! घरी पाहुणा आला की चहा नंतर, बाग आधी. "ही जमीन मी समुद्रातून वर काढलीय," असं छाती फुगवून सांगायचा.

आईही रोज संध्याकाळी बागेत जायची, पण फाटकाशी चपला काढून अनवाणीच फिरायची. तिला साखरेचा आजार. तळपायाला जरा खरचटलं तरी महिनाभर चिघळायचं. त्याने मऊ तळव्यांच्या महागड्या चपला आणून दिल्या. त्याही फाटकाशीच राहू लागल्या.

आज तिच्या टाचेत रुतलेला शिंपल्याचा तुकडा काढताना त्याचा पारा चढला.

"आई, किती वेळा सांगू? साधी माती नाहीये ती. बंदराच्या तोंडाशी, पार तळातून उपसलेला गाळ आहे!"

"ठाऊक आहे रे. म्हणून तर चपला काढते."

"म्हणजे?"

तिने त्याच्या मांडीवरचा पाय हळूच खाली घेतला.



"तुझे बाबा तिथेच बुडाले ना. तेव्हा आठ दिवस शोधलं, हाती काही लागलं नाही. चाळीस वर्षांनी तूच त्यांना काठावर आणलंस. त्यांच्या अंगावरून चपला घालून कशी चालू, बाळा?"