मूठ

मंगळाच्या यानाची शेवटची घोषणा झाली, तरी बाबांच्या यांत्रिक हातानं केतकीचं उजवं मनगट सोडलं नव्हतं. सकाळच्या अपडेटमध्ये मूठ उघडायची कमांडच उडाली होती.

"राहू दे गं, पुढच्या यानानं जा," बाबा म्हणाले.

"पुढचं दोन वर्षांनी आहे, बाबा. हलू नका."

मांडीवरचा लॅपटॉप त्या हाताला जोडून तिनं डाव्या हातानं जुन्या बॅकअपमधली कमांड परत टाकली. 'कमांड सापडली नाही,' असं पुन्हा आलं. तिनं दात-ओठ खात फाइलचा पत्ता दुरुस्त केला, एंटर दाबलं.

यांत्रिक बोटं उघडली. लगेच बाबांच्या दुसऱ्या, हाडामांसाच्या हातानं तिचं मनगट धरलं.

केतकीनं लॅपटॉप मिटला आणि ती बोटं एकेक करून सोडवायला लागली.