एकट्याचे लेख

"हे सिकंदर मुलाणी कोण? बोलवा त्यांना," समितीचे अध्यक्ष म्हणाले.

नाथाजी पवार खुर्चीत सावरून बसला. सांगलीच्या त्या व्यापार-व्यवस्थापनाच्या संस्थेत आज संशोधन मोजायचं होतं. ज्याचं भरेल तो मास्तर कायम, बाकीच्यांनी घरचा रस्ता धरायचा. एकट्यानं लिहिलेल्या लेखाला पूर्ण गुण, जोडीनं लिहिलेल्याला निम्मे, त्यातही पहिल्या नावाला जास्त. हळदीची पोती तोलावीत तसा सगळा कारभार! आणि नाथाजीच्या प्रत्येक लेखावर पहिलं नाव सिकंदरचं होतं.

"सर, तो माझा मित्र. इथंच शिकवायचा. चार वर्षांपूर्वी वारला."

समितीतले दोघं हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

"मग गेल्या वर्षीचा हळदबाजारावरचा लेख त्यांनी वर बसून लिहिला?"

लेक प्रोफेसर झाला म्हणून नाथाजीचा बाप सगळ्या कडेगावात मिरवत होता. आता नोकरी गेली तर त्या म्हाताऱ्यानं तोंड कुठं दाखवायचं? खरं काय ते ओठावर आलं होतं, पण जीभ रेटेना.

अध्यक्षांचा सूर मऊ झाला. "मित्रप्रेम समजू शकतो, पवार. पण मेलेल्या माणसाचं सहकार्य आम्ही मोजायचं कसं? त्यांच्या माघारी तुम्ही हे लेख एकट्यानं लिहिलेत, एवढंच सांगा. पूर्ण गुण देतो."

"व्हय सर." घाबरल्यावर नाथाजीच्या तोंडी गावाकडची बोली यायची. "एकट्यानंच लिवलेत."

अध्यक्षांनी सिकंदरचं नाव लाल पेन्सिलीनं खोडलं आणि नवी बेरीज मांडली. नाथाजी कायम झाला. मित्राला इतका जीव लावणारा माणूस आजकाल मिळत नाही, असं म्हणत एकानं त्याची पाठही थोपटली. नाथाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी जायला नको वाटत होतं, तरी पाय सिकंदरच्या घराकडंच वळले. सिकंदरची बायको नूरजहां लग्नाआधी सिकंदरचीच विद्यार्थिनी. ती लगबगीनं दारात आली.

"आवं भाऊजी, आज मोजणी हुती न्हवं? यांच्या माघारी, यांच्या नावानं मी लिवलेलं बगितलं का साहेबांनी? भरलं का माझं काम?"