उजवी नळी

मेहुण्याने आणलेली कुठलीही वस्तू बंदुका दुरुस्त करणारा कारागीर आधी संशयाने पाही आणि मग आणखी संशयाने पाही. या खेपेस मेहुण्याने जुनी दुनळी बंदूक आणली होती, आणि ती नको इतकी चकचकीत होती.

"दाजी, रविवारी बार काढायचाय. फुटणार नाही ना तोंडावर?"

"तुझ्या तोंडाचं आणखी काय बिघडणार आहे?" असं म्हणत कारागिराने नळ्या दस्त्यापासून सोडवल्या, दोरीला टांगल्या आणि लाकडी हातोडीने वाजवल्या. त्या घंटेसारख्या खणखणल्या, म्हणजे चीर नव्हती. नळ्यांच्या पोलादाची जाडीही कुठे कमी भरली नाही. त्यामुळे त्याचा संशय बळावला.

मग तो नळ्यांतून खिडकीकडे पाहू लागला. आत खड्डा असला, तर उजेडात सावली पडते. डाव्या नळीत खिडकी दिसली आणि खिडकीला टेकून उभा असलेला मेहुणा दिसला. उजव्या नळीत नुसती खिडकी दिसली.

त्याने नळी आतून पुसली आणि पुन्हा पाहिलं. खिडकी होती, गजांवरची धूळ होती. मेहुणा नव्हता.

"ही उडवू नकोस."

"का? चीर आहे?"

"चीर नाही. पण माझ्याकडेच राहू दे."

"म्हणजे तुम्हालाच हवीय! जन्मभर माझ्यावर संशय घेतलात, आता माझी पाळी." मेहुण्याने हसत नळ्या ओढून घेतल्या, एक डोळा मिटला आणि त्या कारागिरावर रोखल्या. "आधी डावी. वा, नाकातले केससुद्धा दिसतायत. आता उजवी."

त्याचं हसू थांबलं.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "कुठे गेलात?"