हार्ड डिस्कमधली ओवी

“दाबू नकोस रे, पिना वाकतील!” यशोधरा ओरडली.

“ताई, जरा गप बसशील?” सम्राटनं केबल पुन्हा बाहेर काढली, उजेडात धरून पाहिली आणि बेतानं आत सरकवली. या वेळी ती नीट बसली.

सावेडीतल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर सगळा पसारा होता. एका बाजूला सम्राटच्या कंपनीचा लॅपटॉप. एका दिवसाच्या बोलीवर त्यानं तो पुण्याहून मागून आणला होता. दुसऱ्या बाजूला त्याच्या बहिणीच्या, यशोधराच्या, जळालेल्या कॉम्प्युटरमधून काढलेली हार्ड डिस्क. दोन्हींच्या मधे एक काळी डबी. डबीचं एक टोक डिस्कला, दुसरं लॅपटॉपला, जिथं प्रिंटर लावतात तिथं. डबी सम्राटच्या एका मित्राची होती. “चालली तर चालली,” एवढीच त्यानं हमी दिली होती. डिस्कला वीज पुरवायला यशोधरानं ती शिकवते त्या कॉम्प्युटर क्लासमधल्या एका मशीनचा पॉवर सप्लाय उचलून आणला होता.

त्यांचे वडील, कारभारी, खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. कर्जतला लोकांच्या रानात राबून त्यांनी दोन्ही लेकरं शिकवली होती. टेबलावरच्या त्या वायरींतलं त्यांना काही उमगत नव्हतं, पण नजर तिथून हलत नव्हती.

त्या डिस्कवर आईचा, भामाबाईंचा, आवाज होता.

आईला गळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला न्यायच्या आदल्या दिवशी यशोधरानं कॉम्प्युटरला माइक लावून तिच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. सगळ्या तिनं स्वतः जुळवलेल्या. कर्जतच्या रानात खुरपताना बायका म्हणायच्या, “भामे, तू गात ऱ्हा, तुझ्या वाटनीची पात आमी उरकतो.” ऑपरेशन झालं आणि घर मुकं झालं. पुढं उन्हाळ्यात व्होल्टेज वाढून कॉम्प्युटरही गेला.

“सम्राट, निघंल का रं तिचा आवाज?” कारभारींनी विचारलं.

“बघू बाबा.”

त्यानं बटण दाबलं. डिस्क घरघरली. तिघांची डोकी स्क्रीनवर वाकली.

डिस्क फिरत होती, पण लॅपटॉपला ती दिसतच नव्हती. सम्राटनं बंद करून पुन्हा चालू केलं. तेच.

“जाऊ दे,” कारभारी उठून खिडकीशी गेले. “नशिबात न्हाई म्हनायचं.”

“थांबा!” यशोधरानं कपाळावर हात मारला. “आपल्या मशीनमध्ये दोन डिस्क होत्या ना? ही दुसऱ्या नंबरची. ती अजून स्वतःला दुसरीच समजतेय. हिला पहिली करायला पाहिजे!”

डिस्कच्या मागं तिचा नंबर ठरवणारी, तांदळाएवढी एक प्लास्टिकची टोपी होती. चिमट्यानं उपटून तिनं ती शेजारच्या पिनांवर बसवली.

पुन्हा बटण. पुन्हा घरघर. आणि स्क्रीनवर एक नवं चिन्ह उमटलं.

“आली! आली रे!” यशोधरानं सम्राटच्या पाठीत असा धपाटा घातला की तो टेबलावरच आदळला. ‘आई’ नावाचं फोल्डर समोर होतं.

“आधी कॉपी करून घेतो.”

“कापी मागनं कर! ऐकव रं आधी,” कारभारी धावतच टेबलाशी आले. “आन बारीक ठेव. आधी आपुन ऐकू.”

खरखर झाली. बांगड्या वाजल्या. कुणीतरी घसा साफ केला. मग तो आवाज आला, जाडाभरडा, पण सुराला पक्का:

“लेक माझी शिकली गं, काय सांगू शेजीबाई,
तिच्या बोटाला अक्षरं, माझ्या अंगठ्याला शाई…”

कारभारींनी उपरण्यात तोंड लपवलं. हसत होते की रडत होते, कळत नव्हतं. “वाढव,” ते म्हणाले. “वाढव आजून! काय व्हायचं ते हुईल.”

सम्राटनं आवाज पार वर नेला. ओवीमागून ओवी खोलीभर घुमू लागली. यशोधरा लहानपणीसारखी ओठांतल्या ओठांत साथ करत होती. शेवटची ओवी सरली आणि लॅपटॉपमधून भामाबाईंनी विचारलं, “यशे, पुरं का गं आता?”

उघड्या दारात मेथीची पिशवी टाकून, ऑपरेशनपासून गळ्याला पांढरं फडकं बांधलेल्या भामाबाई उभ्या होत्या. त्यांच्या मनाला लागेल म्हणूनच तर कारभारींनी आधी आवाज बारीक ठेवायला लावला होता. पण भामाबाईंनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली आणि एक बोट वर करून खुणेनंच सांगितलं, अजून एकदा.